शिसं जाळीत अडकलं

१४ एप्रिल

ऑगस्टा मेली. आज सकाळी मला सापडली आणि दुपारच्या आत मी तिला पुरून टाकलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं आहे, पण कुठेच बोललो नाही तर पोट फुटेल, म्हणून इथे लिहितो.

मासेमारीचा हंगाम बंद असतो तेव्हा आम्ही क्लबचे सभासद आळीपाळीने कॉपिंजर तळ्याचा काठ साफ करतो. आज माझी पाळी होती. जुन्या पंपघराच्या बाजूला लव्हाळी कापत होतो तर वास आला. वाटलं, हंस मेला असेल. वाकून बघतो तर उशीएवढं पांढरं पोट. पाणमांजराने डावी बाजू पार साफ केली होती. उजवी शाबूत, तुळतुळीत, एक खवला नाही. ओठाचा कोपरा फाटून पुन्हा भरून आलेला. एवढा मोठा कार्प मासा, इतक्या वेळा गळाला लागून ओठाची चिंधी झालेला, दुसरा कुठला असणार?

तिच्या डाव्या अंगावरची खवल्यांची ओळ, उघडलेल्या वाटाण्याच्या शेंगेसारखी, इंग्लंडातल्या गळवाल्यांना तोंडपाठ आहे. ती शेंग पाणमांजराच्या पोटात गेली. उजवी बाजू कशी आहे हे कुणालाही विचारा, डोकं खाजवतील. या तळ्यावर जो तो तिला एकदा तरी धरून, फोटो काढून पुन्हा पाण्यात सोडून गेला, प्रत्येकाच्या घरात तिचा फोटो टांगलेला आहे आणि प्रत्येक फोटोत ती डावीकडूनच. माणूस बदलतो, हसू तेच, मासा तोच, बाजू तीच.

एवढी वर्षं मी तिच्या मागे होतो. पहिल्यांदा हातात आली ती अशी. चिखलात गुडघे टेकून मी रडलो, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

रिवाज असा की नाव असलेला मासा मेला की रखवालदाराला कळवायचं. मग सगळे जमतात, काठावर खड्डा खणतात, कुणीतरी दोन शब्द बोलतो, गळवाल्यांच्या मासिकात बातमी येते. मी खिशातून फोन काढलासुद्धा. आणि मग मला नेव्हिल पेल आठवला.

रडू तिथेच थांबलं. फोन खिशात ठेवला आणि फावडं आणलं.

१५ एप्रिल

झोप छान लागली. बऱ्याच वर्षांनी.

नेव्हिलने माझं काय केलं ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच दया यायला लागली तर हे पान काढून वाचता येईल.

तेव्हा आम्ही जोडीने बसायचो. एकाच किटलीतला चहा. एका सकाळी ऑगस्टा माझ्या गळाला लागली. अर्धा तास झुंजवलं तिने. शेवटी थकून काठाशी आली, कुशीवर वळली, ती शेंग मी माझ्या डोळ्यांनी बघितली. जाळं नेव्हिलच्या हातात होतं. आता, गळाच्या वर वीतभर अंतरावर तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, वजनासाठी शिसं लोंबत असतं. जाळं धरणाऱ्याचं काम एवढंच की घाई करायची नाही, मासा पुरता आत येईपर्यंत जाळं खालीच ठेवायचं. नेव्हिलने ते आधीच उचललं. शिसं जाळ्याच्या काठाशी जाळीत अडकलं, तिने डोकं झटकलं, गळ निघाला आणि ती गेली.

"शिसं जाळीत अडकलं, क्लेम," तो म्हणाला. "मी मुद्दाम नाही केलं. शपथ."

जन्मात शेकडो मासे जाळ्यात घेतलेला माणूस. एकाही वेळी शिसं अडकलं नाही, अडकलं ते नेमकं माझ्या ऑगस्टाच्या वेळी! आपल्याआधी मला मिळू नये म्हणून केलं त्याने. त्या दिवसापासून मी माझं जाळं स्वतःच धरतो आणि त्याला पाण्यात पाहतो. मग तळ्यावरच्या सगळ्यांना ती मिळाली, काहींना दोनदा, तीनदा. नाही मिळाली ती फक्त आम्हा दोघांना.

आता मला ती मिळणार नाही. पण मला ते माहीत आहे, आणि त्याला माहीत नाही. बसू दे त्याला. पावसात बसू दे, थंडीत बसू दे, नसलेल्या माशासाठी म्हातारा होऊ दे.

२० मे

बेरिल हॉपगुड, आमची रखवालदार, आज लोखंडी फाटकाला रंग देत होती. तिचा कुत्रा माझे बूट हुंगत बसला. उथळ पाण्यात कार्प अंडी घालायला जमले आहेत, ती रोज जाऊन मोजदाद करते.

"सगळ्या बाया आल्यात," ती म्हणाली, "पण यंदा ब्रेंडा काही दिसली नाही मला."

ब्रेंडा म्हणजे एक थोराड, बोडकी मादी. अंगावर खवला नाही, रंगाला उठाव नाही. वजनाला ऑगस्टाच्या खालोखाल, पण तिचा फोटो कोणी काढत नाही. गळाला लागली की लोक चुकचुकतात आणि सोडून देतात.

"ब्रेंडाचं कुणाला पडलंय?" मी म्हटलं. "आणि ऑगस्टा?"

"ती तर दिसणारच नाही. महाराणी पहाटे येऊन जाते."

मी मान डोलावली. आतून नुसत्या उकळ्या फुटत होत्या.

१६ जून

हंगाम उघडला. रिवाजाप्रमाणे सगळे बेरिलच्या शेडमध्ये जमलो, चहा आणि सॉसेज रोल. दर वर्षीचा वादही झाला. ट्रेव्हर, जो भिंतींना गिलावा करतो आणि तोंडाला कधी बांध घालत नाही, त्याने गेल्या वर्षी ऑगस्टाला तिसऱ्यांदा धरलं.

"तिला माझा हात आवडतो," तो म्हणाला.

"तिचा ओठ बघितलास का कधी?" बेरिल उखडली. "चाळणी झालीय त्याची. ज्याला एकदा मिळाली त्याने पुन्हा तिच्या वाटेला जाऊ नये, हा साधा माणुसकीचा नियम आहे."

"मासे पाळलेत की पकडायला ठेवलेत?"

"पाळलेलीच आहे ती. तुझ्या बायकोपेक्षा जास्त वेळा तिने तुझं तोंड बघितलंय."

सगळे हसले. नेव्हिल कोपऱ्यात उभा होता, काठी टेकत. कमरेचं हाड गेलं आहे त्याचं. हसू ओसरल्यावर तो हळूच म्हणाला, "माझा हा शेवटचा हंगाम. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही मुलीकडे जातोय, ॲबर्डीनला. कायमचे. जायच्या आधी एकदा तिला हातात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. एकदाच, बस."

ट्रेव्हरसुद्धा म्हणाला, "मिळेल रे बाबा, तुला नाही तर कुणाला मिळणार?"

मी सॉसेज रोल चावत राहिलो. शेवटचा हंगाम! म्हणजे देवाने माझ्यासाठी ताट वाढून, वर रुमाल झाकून ठेवलं आहे.

जागा धरताना नेहमीचाच प्रकार. नेव्हिल माझ्या आधी येतो, तरीही विलोच्या झाडाखालची जागा रिकामी सोडून पलीकडच्या चिखलात जाऊन बसतो. ऑगस्टाची रोजची वाट विलोखालून जाते हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. दर वर्षी हेच. मी आलो की विलो रिकामा, आणि हा चिखलात. अक्कल नाही, दुसरं काय.

२९ जून

दिवसभर पाऊस. नेव्हिलचा हिरवा तंबू एका बाजूने गळतो. मी दुर्बिणीतून बघत होतो. तो दर थोड्या वेळाने उठून गळाच्या गोळ्या बदलत होता, सुपारीएवढ्या, उकडलेल्या पिठाच्या. स्वतः मळतो, त्यात काहीतरी मसाला घालतो आणि कुणाला सांगत नाही. घाल लेका, केशर घाल.

२१ जुलै

नेव्हिलची बायको ग्वेन आली होती. दर उन्हाळ्यात ती माझ्यासाठी आल्याचा केक करून आणते, का ते देव जाणे. मी आभार मानतो आणि ती दिसेनाशी झाली की केक बदकांना घालतो. बदकं ग्वेनला ओळखतात. ती आली की काठाशी गोळा होतात आणि बिचारीला वाटतं, किती गोड पाखरं.

आज ती लगेच गेली नाही. माझ्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली.

"क्लेम, त्याचं ऑपरेशन आहे तिकडे. डॉक्टर म्हणतात, नंतर काठावरचं चढणं-उतरणं विसरा. त्याला एवढी एकच आस आहे बघ."

"हो का."

"तू त्याच्याशी दोन शब्द बोलला असतास तर..."

"बोलतो की. 'काही लागलं का' विचारतो. तो 'नाही' म्हणतो."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गळकाठ्यांकडे. "तुझे गळ पाण्यात नाहीत," ती म्हणाली.

खरंच नव्हते. सकाळपासून टाकायचे राहून गेले होते. हल्ली तसं होतं. पण गळ टाकून करू काय? ज्या माशासाठी बसायचो तो पंपघरामागे मातीत आहे. मी येतो तो नेव्हिलला बघायला. खेळ चालू आहे आणि तिकीट माझ्या एकट्याकडे आहे.

केक बदकांना घातला. वास बरा होता.

९ ऑगस्ट

उकाडा. बेरिल धावत आली, चेहरा लाल.

"क्लेम! विलोच्या टोकाशी ऑगस्टा उसळली! ही एवढी. शेंग दिसली मला, अगदी स्पष्ट!"

"ऊन लागलंय तुला," मी म्हटलं. "पाणी पी."

"अरे, मी माझ्या डोळ्यांनी बघितली!"

माणसाला जे हवं असतं ते दिसतं. बेरिल पलीकडे जाऊन नेव्हिललाही सांगून आली. तो खुर्चीतून धडपडत उठला आणि कपाळावर हात धरून विलोकडे बघत राहिला. पण जागा माझी, त्यामुळे तिकडे गळ टाकता येईना. मी त्याला हात केला. त्यानेही केला.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली.

३ सप्टेंबर

आज विलोची जागा नेव्हिलला देऊन टाकली.

फार विचार केला. नुसतं बसू देण्यात मजा आहे, पण चिखलात बसून मासा मिळाला नाही तर माणूस म्हणतो, जागा वाईट होती. मला त्याच्याकडे तेवढंही निमित्त राहू द्यायचं नव्हतं. तळ्यातली सगळ्यात चांगली जागा, सगळ्यात चांगला महिना, आणि तरी काही नाही. ॲबर्डीनला खिडकीशी बसून जन्मभर त्याने विचार करावा की आपलं चुकलं कुठे. खरा सूड तो असा!

त्याच्या तंबूपाशी गेलो. तो पावाला लोणी लावत होता. मला बघून सुरी खाली पडली.

"तुझा शेवटचा हंगाम आहे," मी म्हटलं. "विलोखाली बस. मी इकडे बसतो."

म्हातारा माणूस, आणि पावाचा तुकडा हातात धरून रडतोय.

"क्लेम," तो म्हणाला, "मी इतकी वर्षं ती जागा..."

"सामान उचल," मी म्हटलं. "माझं मन फिरायच्या आत."

त्याचं सामान मीच वाहून नेलं, कारण त्याच्याने होत नव्हतं. तंबूची गळकी शिवण मी टेपने चिकटवली. ओला होऊन आजारी पडला आणि लवकर घरी गेला तर सगळी गंमतच जायची.

१९ सप्टेंबर

सकाळी गळ टाकले, दुपारी काढले. एक छोटा कार्प लागला, त्याला नाव नाही. सोडून दिला.

नेव्हिल रोज येतो. ग्वेन त्याला गाडीने सोडते आणि चहाच्या वेळी न्यायला येते. उभा राहिला की आधी विलोच्या खोडाला धरतो. मी इथून, चिखलातून, सगळं बघतो. इथून विलो फार छान दिसतो. त्याला इतकी वर्षं इथे बसून माझ्याकडेच बघावं लागलं असेल, आज पहिल्यांदा मनात आलं. भोग म्हणावं.

आज त्याने हाक मारून विचारलं, "काही लागलं का?" मी म्हटलं, "नाही." मी विचारलं, "तुला?" तो म्हणाला, "आज नाही, पण ती आहे इथे, क्लेम. मला जाणवतं."

हसू आवरायला मला किटलीत तोंड घालावं लागलं. मग काही वेळाने हसू येईना. तिला पुरलं त्या जागी आता गवत आलं आहे. मी तिथे हल्ली जात नाही. वाटतं, तिच्यासाठी कोणी दोन शब्द बोलायला हवे होते. मी एकटा होतो आणि काही सुचलं नव्हतं. त्याचाही हिशोब नेव्हिलच्याच नावावर.

१२ ऑक्टोबर

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सकाळी धुकं होतं. मी चहा ओतत असताना विलोकडून नेव्हिलचा बझर, मासा लागला की वाजतो तो, वाजायला लागला, एकसलग. मग हाक आली, "जाळं! कोणीतरी जाळं धरा!"

जाळ्याची हाक आली की जो जवळ असेल त्याने जायचं. वैर असो, काही असो. तळ्यावर हा एकच नियम कोणी कधी मोडलेला नाही. मी पळालो. मनात म्हणत होतो, असेल कुठला तरी फडतूस मासा, बिचाऱ्याचं मन रमेल.

गळकाठी कमानीसारखी वाकली होती. नेव्हिल एका हाताने खोडाला धरून उभा. उतारावरून खाली पाण्यात जाणं त्याला शक्यच नव्हतं. चष्मा धुक्याने भरलेला.

"तू आलास होय," तो म्हणाला. "बरं झालं. मोठा आहे रे, फार मोठा. घाई करत नाहीये. तीच असेल का?"

"बघू या," मी म्हटलं. जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात उतरलो.

मासा खोल होता. बराच वेळ नुसते बुडबुडे. मग पाणी फुगलं आणि ती वर आली, कुशीवर वळली. डावी बाजू वर. खवल्यांची ओळ. उघडलेल्या वाटाण्याची शेंग.

मी काय बघतो आहे ते मला कळेना. मी तिला मातीत घातलं होतं. माझ्या या हातांनी. मग मला पंपघरामागची ती तुळतुळीत उजवी बाजू आठवली, आणि बेरिल फाटकापाशी म्हणाली होती ते आठवलं, यंदा ब्रेंडा दिसली नाही. सगळ्या जन्मात कोणी जिच्याकडे नीट बघितलं नाही तिला मीसुद्धा नीट बघितलं नव्हतं.

"तीच आहे ना?" नेव्हिल वरून ओरडत होता. "क्लेम, बोल ना! मला दिसत नाहीये!"

"तीच आहे," मी म्हटलं. "नेव्हिल, ती जिवंत आहे!"

"जिवंत नाही तर काय मेलेली लागेल गळाला?"

इथे खरं लिहायला हवं. एका क्षणाला मनात आलं, आता. जाळं माझ्या हातात आहे, मासा त्याचा आहे, अगदी तेव्हासारखं, फक्त उलटं. ते मनात आलं हे मी नाकारत नाही. पण ते आलं आणि गेलं. ती जिवंत होती! तिच्या फाटक्या ओठाकडे बघताना माझा ऊर भरून आला. मला ती जाळ्यात हवी होती. त्याच्यासाठी हवी होती की माझ्यासाठी, ते सांगता येणार नाही, पण माशासाठी काठावर अंथरलेल्या गादीवर तिला निजवावं, ओंजळीने तिच्यावर पाणी घालावं, ओठाला औषध लावावं, एवढं एकच मनात होतं. तिचं डोकं जाळ्यावर आलं. अजून थोडं आत यायला हवं होतं. हे मला माहीत होतं. मी उचललं.

जाळ्याच्या काठाशी काहीतरी अडकल्यासारखं झालं. तिने डोकं झटकलं. तंगूस ढिला पडला.

ती क्षणभर तिथेच राहिली, माझ्या बुटांजवळ, कल्ले हलवत. मग शेपटी एकदाच हलली आणि ती विलोखाली गेली.

वर नेव्हिल तशीच काठी धरून उभा होता. काठी सरळ झाली होती. मी जाळं उचललं. शिसं जाळीत अडकून लोंबत होतं, आणि गळ मोकळा.

"शिसं जाळीत अडकलं, नेव्हिल," मी म्हटलं. "मी मुद्दाम नाही केलं. शपथ."

माझा आवाज माझ्या कानावर आला तसा मी गार पडलो. त्यालाही ऐकू आलं असणार. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं.

"हो," तो म्हणाला. "अडकतं तसं."

मग त्याने खोडाला धरून, सावकाश, खुर्चीत अंग टाकलं. "चहा टाक," तो म्हणाला. "ओला झालायस तू."

आम्ही एका किटलीतला चहा प्यालो. त्याचा चेहरा मला वाचता येईना.

१३ ऑक्टोबर

आज नेव्हिल आला नाही. तंबू उतरवून नेला आहे. पिठाच्या गोळ्यांची बरणी खोडाशी ठेवली आहे, झाकणावर चिकटपट्टीने माझं नाव. मसाला म्हणजे नुसतं आलं निघालं, केकातलं.

१७ ऑक्टोबर

शेडमध्ये गेलो. मला बघून ट्रेव्हर गप्प झाला. मला वाटलं, आता ऐकवतील. तयारी करूनच गेलो होतो.

बेरिल म्हणाली, "वाईट झालं रे. पण नेव्हिल फोनवर म्हणाला, चूक त्याचीच. त्याने ऐन वेळी तंगूस ढिला सोडला. क्लेमने जाळं अगदी बरोबर धरलं होतं म्हणाला."

"असं म्हणाला?"

"दोनदा म्हणाला. कोणी क्लेमला बोल लावायचा नाही म्हणाला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याला कोणी सांगितलं होतं माझ्यावर पांघरूण घालायला? त्याने तंगूस ढिला सोडला नव्हता. काठी शेवटपर्यंत वाकलेली होती, मी बघितली आहे. पांघरूण कधी घालतात? खाली काहीतरी असतं तेव्हा. म्हणजे त्याला वाटतं आहे की मी केलं!

तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ बरं होतं.

बेरिलला जाता जाता सांगितलं की पंपघरामागे ब्रेंडा पुरलेली आहे, एप्रिलपासून. ती म्हणाली, "मग तेव्हाच का नाही बोललास? आपण सगळे आलो असतो." मी म्हटलं, ब्रेंडासाठी कोण आलं असतं? ती म्हणाली, "मी आले असते."

२० ऑक्टोबर

शेवटी आज त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारात खोकी रचलेली. ग्वेनने दार अर्धवट उघडलं.

"तो झोपलाय. औषधाने झोप लागलीय, उठवत नाही."

"मला त्याला सांगायचंय. ते शिसं..."

"माहितेय मला." ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी करता आलं असतं. "क्लेम, तू आता मनाला लावून घेऊ नकोस. खरं सांगू? त्या दिवशी तळ्यावरून आल्यापासून त्याला शांत झोप लागतेय. म्हणाला, ग्वेन, फिटलं एकदाचं. क्लेमने उट्टं काढलं. आता मोकळ्या मनाने जाता येईल."

"पण मी उट्टं नाही काढलं! मी मुद्दाम नाही केलं, ग्वेन! घाई झाली, मला ती हवी होती जाळ्यात, त्याच्यासाठी..."

तिने माझ्या बाहीवर हात ठेवला.

"तोही इतकी वर्षं हेच सांगत होता," ती म्हणाली.

आत गेली आणि केक घेऊन आली. उन्हाळा नसताना, खोक्यांच्या पसाऱ्यात, तिने केक केला होता. मी तो दोन्ही हातांनी धरून बसस्टॉपवर उभा राहिलो. बस आली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, "वाढदिवस का, आजोबा?" मी हो म्हटलं.

आता केक टेबलावर आहे. एक तुकडा खाल्ला. चांगला आहे. सगळेच चांगले असणार, इतक्या वर्षांचे.

सोमवारी ते जाणार. नेव्हिल ॲबर्डीनला खिडकीशी बसेल आणि माझी आठवण निघाली की ग्वेनला म्हणेल, क्लेम वाईट नव्हता, फक्त त्याने उट्टं काढलं, आणि ते बरोबरच होतं. त्याला कोणी खरं सांगणार नाही. मी सांगितलं तर तो मान डोलावेल.

मी मुद्दाम केलं नाही. शिसं जाळीत अडकलं. शपथ.